फूटबाथवरचा गालिचा

आमच्या सरकारी संशोधन केंद्रात रोगमुक्त कोळंबीची सहावी पिढी एका टाकीत वाढत होती. तिचं बीज लवकरच शेततळ्यांवर जाणार होतं. बाहेर विषाणूने तळ्यामागून तळी रिकामी होत असताना सगळ्यांचे डोळे या टाकीकडे लागले होते. तिची देखरेख माझ्याकडे होती. खोलीच्या दारात जमिनीत बांधलेला फूटबाथ होता. त्यातल्या जांभळ्या औषधात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. म्हणूनच संचालक कधी आत आले नव्हते. टाकीवरची भाषणं मात्र त्यांना तोंडपाठ होती.

मंत्री येणार म्हटल्यावर ते पहिल्यांदा दारापर्यंत आले.

"बाई, हे डबकं कसलं?"

"फूटबाथ, सर. मंत्री सकाळी रोग पडलेल्या तळ्यावर जाणार आहेत. तिथला चिखल बुटांवरून आत आला, तर टाकी संपली. काचेतून दाखवूया?"

"काचेतून फोटो येतो का? आणि मंत्र्यांच्या बुटावर बसायची विषाणूची काय बिशाद!" स्वतःच्याच विनोदावर ते पोट धरून हसले. "हे डबकं दिसता कामा नये. वरून गालिचा टाका."

ते गेल्यावर शिपाईकाकांनी विचारलं, "मॅडम, पाणी उपसू?"

"साहेबांनी सांगितलं का?"

"नाही बुवा. झाका म्हणाले."

"मग झाका."

काकांनी लाल गालिचा असा ताणून बसवला की एक सुरकुती दिसेना. कडांवर झाडांच्या जड कुंड्या ठेवल्या.

मंत्री आले. बुटांना चिखल, अंगात पांढरे कपडे, मागे कॅमेरे.

"या सर, या! इथून पुढे सगळं जंतुविरहित," संचालक वाकून म्हणाले.

मंत्र्यांचा पहिला पाय गालिच्यासकट घोट्याच्या वरपर्यंत औषधात गेला. तोल सावरताना दुसराही. हात द्यायला धावलेले संचालकही पाठोपाठ उतरले. कॅमेऱ्यांनी कर्तव्यात कसूर केली नाही.

मंत्री आल्या पावली परतले. व्हरांडाभर जांभळे ठसे उमटले. फोटो शेवटी स्वागतकक्षातल्या थर्मोकोलच्या कोळंबीबरोबर निघाला. दोघांत ती जास्त शांत दिसत होती.

थोड्या वेळाने संचालक अनवाणी आले. "बाई, हा काय चावटपणा?"

"आपण झाकायला सांगितलंत, सर. उपसायला नाही."

"तुमची बदली करतो, बघाच!"

"करा. नव्या बाईंना एवढं सांगा, पाय पूर्ण वेळ बुडवावे लागतात. आज मंत्री आणि आपण, दोघंही फार लवकर बाहेर आलात."

गालिचा बाजूला करून मी पाय बुडवले आणि आत गेले. खाण्याची वेळ झाली होती. टाकीत सगळं जागच्या जागी होतं.