मक्याचे दाणे

कमीलनं बरणीतले मक्याचे दाणे ट्रेमध्ये ओतले आणि ती आजोबांकडं वळली.

"पॉपॉ, दाखवा ना, तुम्ही कसे बसायचात ते."

बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या ओढ्याच्या, संथ पाण्याकाठची आजोबांची ती शाळा आता संग्रहालय झाली होती. तेव्हा तिथं इंग्रजीच बोलायचं. घरची फ्रेंच तोंडातून निघाली, की पोराला दाण्यांवर गुडघे टेकून बसवत. अल्सीद एबेर ही कहाणी दर नाताळला, गम्बो रश्शाच्या वाफाळत्या वाडग्यावर नातीला ऐकवत आला होता. "घंटा होईपर्यंत बसलो, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही," हा कहाणीचा ठरलेला शेवट. बायको एल्दा तेव्हा भात वाढत असायची. ती एकदाही मध्ये बोलली नव्हती.

सोमवारी कमीलला वर्गात आजोबांवर बोलायचं होतं, म्हणून ही सहल.

"माझे गुडघे आता कुठले ऐकतायत," अल्सीद हसला.

"बस की," एल्दा म्हणाली. "पोर एवढी हौसेनं घेऊन आलीय."

बाकाचा आधार घेत तो दाण्यांवर टेकला आणि फोटोसाठी त्यानं छाती पुढं काढली.

संग्रहालय दाखवणारी, जुन्या काळचा लांब झगा घातलेली मुलगी संकोचून म्हणाली, "तोंड भिंतीकडं असायचं, आजोबा. आणि गुडघे उघडे."

"विसरला असेल," एल्दा म्हणाली. खाली वाकून तिनं त्याच्या विजारीचे पाय स्वतः वर गुंडाळले. घड्याही नीट बसवल्या.

अल्सीद भिंतीकडं वळला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

कमील काचेखालच्या शिक्षांच्या वहीत आजोबांचं नाव शोधत होती. सापडताच ती मोठ्यानं वाचू लागली. "एल्दा लब्लां. पाण्याला 'दलो' म्हणाली. घंटा होईपर्यंत मक्यावर. चुगली सांगणारा, अल्सीद एबेर..."

तिचा आवाज खाली आला. "मॉमॉ, लब्लां म्हणजे तुझं माहेरचं नाव ना?"

"हो."

"मग पॉपॉ?"

"पॉपॉ आत्ता बसलाय," एल्दा म्हणाली आणि पहिल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन टेकली. लग्न झाल्यापासूनची बावन्न वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती असं नाही. पण आला होता, तर तो वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

अल्सीदला उठता येईना. त्याला ठसका लागला, मान लाल झाली. घरी दोघं अजूनही फ्रेंचच बोलत. घसा कोरडा पडला की त्याच्या तोंडी तोच शब्द यायचा.

"एल्दा," तो भिंतीला म्हणाला, "दलो."

एल्दानं पर्समधली बाटली काढली. झाकण उघडलं आणि स्वतः एक घोट घेतला.

"इंग्रजीत माग," ती म्हणाली.