तीन खाचा वर

मोटारसायकलच्या गिअरच्या शाफ्टवर छत्तीस खाचा होत्या. नंदकुमारने त्या सुईच्या टोकाने दोनदा मोजल्या. एक खाच सरकली की पायाने दाबायची पट्टी टोकाला दोन सेंटीमीटर वर येई. शेजारी फरशीवर दहाचा पाना, काढलेला बोल्ट, फूटपट्टी आणि निवलेला चहा. त्याच्या डाव्या घोट्यात चार स्क्रू होते. ते मोजावे लागत नसत, उभं राहिलं की आपणहून हजेरी देत.

पाच महिन्यांपूर्वी मुलुंडच्याच एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात तो पडला. हाड जुळलं, पण घोटा वाकेनासा झाला. पहिला गिअर दाबता येई. पुढचे पंजा पट्टीखाली घालून उचलायचे, आणि पंजाच खाली जात नव्हता. सव्वीस वर्षं तो बंद पडलेल्या लिफ्टकडे मोटारसायकलवरून धावला होता. उद्या सोमवारी धावता आलं नाही, तर कंपनी त्याला गोदामात बसवणार होती.

"स्कूटर मागा ना सरळ," त्याची बायको प्रेमा जिन्याच्या पायरीवरून म्हणाली. "गिअरची कटकटच नको."

"कंपनी हीच देते गं. मागून बघितली."

त्याने पट्टी दोन खाचा वर बसवली, बोल्ट आवळला, गाडीवर बसला. पाय गुडघ्यातून उचलला. खट्. दुसरा. खट्. तिसरा.

"झकास! बघितलंस?"

"बघितलं. उद्या कामावर स्लिपर घालूनच जाणार का तुम्ही?"

नंदकुमारने पायाकडे पाहिलं. मग वर गेला आणि कामाचे बूट घालून आला. पुढे लोखंडी टोपी, खाली जाड तळवा. बूट पट्टीखाली शिरेना.

"वाट लागली," तो म्हणाला.

"लागली तर लागली. फूटपट्टी आणा इकडे." प्रेमाने फूटपट्टी बुटाला लावली. "स्लिपरपेक्षा दीड सेंटीमीटर जास्त. अजून एक खाच."

"मग पहिला दाबायला पाय अख्खा उचलावा लागेल."

"उचला. गुडघ्याला काय झालंय?"

तिसरी खाच. इमारतीभोवती त्याने नऊ फेऱ्या मारल्या. पहिल्या चारांत गाडी तीनदा बंद पडली. वॉचमन हसला, नंतर हसायचा थांबला. नवव्या फेरीला फोन वाजला. ऑफिसातला शौनक.

"काका, उद्या यायचंय तुम्हाला, माहितीये. पण मुलुंड पूर्वेला एक आजी लिफ्टमध्ये अडकल्यात, आणि ड्यूटीवरचा आकाश ट्रॉम्बेला आहे. त्याला तास लागेल. जाल का, की बोलवू त्यालाच?"

"नको. पत्ता पाठव."

"पायाला जमेल ना, काका?"

"पत्ता पाठव रे तू."

प्रेमाने हत्यारांची पिशवी आणून मागे बांधली. गाठ तिने दोनदा ओढून पाहिली.

फोनपासून लिफ्टच्या दारापर्यंत तेरा मिनिटं लागली. गिअर सेहेचाळीस वेळा बदलला. एकदा अडकला.