नऊदा ‘नेहमीचंच’

“आपल्याच माणसांचा अभ्यास करतेस ना? मग जे तुला आधीच ठाऊक आहे, तेच आधी विचार,” मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाईंना मूलबाळ नाही, त्यांना विचारावं लागत असेल.

माझ्या प्रबंधाचा विषय होता पहिलटकरणींची नोकरी आणि बाळ. त्यासाठी लांब कशाला जायचं? पाळणाघराच्या दारातल्या बाकावर आम्ही पाचजणी रोज संध्याकाळी पोरांना बूट चढवत बसायचो. सगळ्यांची रीतसर परवानगी घेतली होती. वही काढली की औषधाच्या दुकानात काम करणारी मैत्रीण ओरडायची, “बायांनो, नीट बोला गं, पंचनामा सुरू झाला!”

तिला कसं चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं. “झोप नाही, दुसरं काय!” मी लिहायचे: नेहमीचंच. माझीही झोप उडालेलीच होती, त्यात विचारायचं काय?

मॅडमनी वही चाळली. त्या मैत्रिणीच्या पानांवर ‘नेहमीचंच’भोवती पेन्सिलीने नऊ गोल केले. “नेहमीचंच म्हणजे काय गं?”

‘झोप नाही’च्या पुढे मी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून बाकावर मैत्रिणीच्या शेजारी बसले. “झोप नाही म्हणजे नेमकं काय होतं?”

“जशी काही तुला माहीतच नाही!”

“समज, नाही माहीत.”

ती हसली. बाबागाडीतल्या लेकाच्या बुटाची लेस ओढता ओढता थांबली. “तो झोपला तरी मी टक्क जागी. त्याला उचलायचीच भीती वाटते, हातून पडेल म्हणून. इथल्या ताई गाडीत ठेवतात, घरी नवरा काढतो.” पोराचा एक पाय उघडाच राहिला होता. “तू रोज लिहायचीस ना, मला वाटलं तुला कळलंय.”

ती लेकाला कडेवर घेत नाही, रोज बाबागाडीच आणते, हेही मी टिपलं होतं. पुढे कंसात ‘हुशार’.

त्याच आठवड्यात दोघी डॉक्टरांकडे गेलो. बाळंतपणानंतर अशी भीती बसू शकते, डॉक्टर म्हणाले, आणि उपचार सुरू झाले. तिची पानं प्रबंधात घेऊ नकोस म्हणाली, नाही घेतली. माझ्यावर रागावण्याचा तिला पुरता हक्क होता. पण परतताना तिनेच विचारलं, “आणि तुझी झोप नाही म्हणजे काय गं?” आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.

काल ती बाबागाडीशिवाय आली. लेकाला कडेवर घेऊन म्हणाली, “घे, लिही पंचनाम्यात!”

मॅडमचे आणि तिचे उपकार कसे फेडू, कळत नाही. तुमच्याही ओळखीत कुणी ‘नेहमीचंच’ म्हणत असेल. आज तिच्याकडे जा, शेजारी बसा, आणि काहीच माहीत नसल्यासारखं विचारा.