थोरलीच्या पोटाखालचा पट्टा

तुम्ही मला कधी पाहिले नसेल, मित्रांनो, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. गाडी पाहणारा माणूस तिचा रंग पाहतो, दिव्यांची चकाकी पाहतो, फार तर दारावरून हात फिरवतो. तिच्या पोटाखाली वाकून कोण बघणार? मी तिथला. दोन बोटे रुंदीचा, पोलादाचा एक जुना पट्टा. एका जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी उराशी धरून ठेवायची, एवढेच माझे काम होते. होते म्हणतो, कारण आता मी भंगाराच्या ढिगावर पडलो आहे आणि उद्या भट्टीत जाणार आहे. तेवढ्या वेळात माझे ऐकून घ्या.

मला एका कारखान्यात पत्र्यातून कापले, यंत्राखाली दाबून टाकीच्या पोटासारखा बाक दिला, एका टोकाला आकडा केला आणि दुसऱ्या टोकाला लांब बोल्ट जोडला. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. आमचे आकडे गाडीच्या सांगाड्यातल्या खाचांत अडकवले, आम्हाला टाकीखालून ओढून घेतले आणि वर नट आवळले. त्या दिवशी आम्ही दोघांनी टाकी धरली ती धरलीच.

ती गाडी एका तरुण घड्याळजीने घेतली. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. पुढे चार वर्षांनी त्याला मुलगी झाली तेव्हा तो सगळ्यांना सांगू लागला, ही माझी धाकटी. मग थोरली कोण, असे कोणी विचारले की तो अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवी. तेव्हापासून गाडीचे नाव थोरली पडले. घड्याळजीच्या बायकोला हे नाव मुळीच आवडले नव्हते, पण रागाच्या भरात तीच ते सर्वांत जास्त वापरी. "जा, थोरलीलाच वाढायला सांगा आज," असे ती म्हणाली की घड्याळजी मुकाट्याने हात पुसून आत येई.

ते दिवस सुखाचे होते. थोरली धावायची, लोक थांबून बघायचे, कोणी तिच्या रंगाची तारीफ करायचे तर कोणी तिच्या आवाजाची. आमची तारीफ कोणी केली नाही. आम्हाला त्याचे दुःखही नव्हते. मित्रांनो, जो धरून ठेवतो तो दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्याच भरवशावर सगळे चाललेले असते. देवाचेही असेच आहे. पण हे निरूपण लांबेल, मी गोष्टीवर येतो.

आम्ही म्हातारे होऊ लागलो तसे किरकिरू लागलो. खड्डा आला की टाकीवर घासून आमचा आवाज होई. घड्याळजीच्या बायकोचे डोके त्याने उठे. एकदा ती म्हणाली, "जगातल्या घड्याळांची टिकटिक ऐकू येते तुम्हाला, आणि हे रडगाणं येत नाही?" त्याला ते लागले. दुसऱ्याच दिवशी त्याने जुन्या घोंगडीच्या पट्ट्या कापल्या, घड्या घातल्या आणि गाडीखाली शिरून त्या आमच्या आणि टाकीच्या मध्ये एकेक करून कोंबल्या. किरकिर थांबली. तो किती खूश झाला होता. त्याने बायकोला मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने फिरवून आणले, आणि ती हसली.

प्रेमापोटी केलेली चूक ओळखणे फार कठीण असते, कारण चूक झाकली जाते आणि प्रेम तेवढे दिसत राहते. ती घोंगडी पावसाचे पाणी पिऊ लागली. रस्ता वाळे, गाडी वाळे, घोंगडी मात्र ओलीच राही. आत, जिथे माझी पाठ तिला टेकलेली होती, तिथे मला गंज लागला. बाहेरून काळा रंग तुळतुळीत, आतून मी पापुद्र्या-पापुद्र्याने झडत होतो. ओरडून सांगावे तर माझा आवाज त्याच घोंगडीने काढून घेतला होता.

थोरलीचा एक मिस्त्री होता. हातातल्या लहान हातोडीने तो प्रत्येक वस्तू ठोकून बघे, म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणत. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते, हे त्याचे शास्त्र. त्याच्याच आग्रहावरून घड्याळजीने दोन वर्षांपूर्वी नवे पट्टे मागवले होते. ते आले आणि डिकीत जाऊन पडले, अगदी आमच्या डोक्यावर. घड्याळजीला ते बसवणे जिवावर येई. थोरलीचा प्रत्येक तुकडा मूळचा आहे, हा त्याचा अभिमान होता.

शेवटी एक दिवस ठोक्या आमच्याखाली आडवा झाला. त्याने भावाला ठोकले, मला ठोकले. बद्द. पुन्हा ठोकले. पुन्हा बद्द. मला वाटले, सुटलो. आता हा आम्हाला काढील.

"साहेब, हा आवाज पट्ट्याचा आहे का चिंधीचा?" त्याने विचारले.

घड्याळजी वाकला आणि कान देऊन ऐकू लागला. चाळीस वर्षे ज्या कानाने बंद घड्याळांची दुखणी ओळखली, त्या कानावर त्याचा फार विश्वास होता.

"चिंधीचा," तो म्हणाला. "मी कोंबलीये ना ती. पट्टा ठणठणीत आहे."

चिंधी काढून बघू, असे ठोक्या म्हणाला. घड्याळजीने नको म्हटले, कारण मग किरकिर पुन्हा सुरू झाली असती आणि घरात धाकटी बाळंतपणासाठी आलेली होती, तपासणीला जाता-येता तिला गाडीत शांतता हवी होती. ठोक्या खांदे उडवून निघून गेला. मित्रांनो, त्या क्षणी मी जेवढा आक्रोश केला तेवढा जन्मात केला नव्हता. कोणाला ऐकू गेला?

धाकटीचे बाळ पोटात आडवे होते. डॉक्टरांनी बजावले होते की कळा सुरू झाल्या की इकडेतिकडे वेळ न घालवता थेट मोठे इस्पितळ गाठा, ऑपरेशन लागेल. म्हणून घड्याळजीने आदल्या दिवशीच टाकी काठोकाठ भरून ठेवली. पुन्हा तेच प्रेम. इतके ओझे आम्ही कित्येक महिन्यांत पेलले नव्हते. माझ्या उरातला एक तंतू तेव्हाच तुटला.

कळा सकाळी सुरू झाल्या, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. जावई परगावी होता. रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन गेली होती, तिला यायला दीड तास लागणार होता. घड्याळजीने थोरली काढली. मागे धाकटी आडवी झाली आणि तिचे डोके मांडीवर घेऊन आई बसली. पुलाचे काम चालले होते म्हणून शेतांमधल्या आडरस्त्याने जावे लागले. खड्डा आला की मी भावाला म्हणे, धर रे. तो म्हणे, धरतोय. तिसऱ्या वळणाला त्याचे उत्तर आले नाही. कडाड् झाले, आणि टाकीचे एक अंग खाली आले.

घड्याळजी उतरून खाली वाकला. त्याला काय दिसले असेल? माझा भाऊ दोन तुकडे होऊन लोंबत होता, पेट्रोलची नळी ताणून उचकटली होती आणि थेंब थेंब गळत होते. सगळी टाकी माझ्या एकट्याच्या गळ्यात होती. तो तिथेच गुडघ्यांवर बसला.

"काय झालंय?" आतून बायकोने विचारले.

"पट्टा तुटलाय. माझ्यामुळं."

"कुणामुळं ते संध्याकाळी ठरवू. डिकीत नवे आहेत ना? मग बसवा."

त्याने जन्मात कधी पट्टा बसवला नव्हता. पण जॅक काढला, त्यावर डिकीतली फळी ठेवली, टाकीखाली सरकवून हळूहळू टाकी वर उचलली. अंगाखाली ओली माती, तोंडावर पेट्रोल. नळी परत बसवून त्याने तारेने आवळली. नव्या पट्ट्याचा आकडा खाचेत जाईना. घड्याळाचे नखाएवढे चाक चिमट्याने बसवणारी ती बोटे पुन्हा पुन्हा चुकत होती. दोन गाड्या बाजूने गेल्या. त्याच्या बायकोने हात केला, एकही थांबली नाही. आत धाकटी कळ आली की दात आवळत होती. कळ ओसरली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस थोरलीला म्हणा, माझा नंबर आधी." तिची आई हसायला गेली आणि तिला रडू फुटले. घड्याळजीने गाडीखाली मनगट तोंडात धरले, हुंदका वर ऐकू जाऊ नये म्हणून.

आकडा अखेर बसला. भावाच्या जागी नवा पट्टा आवळला गेला. मग तो माझ्याकडे वळला. घोंगडी ओढली तेव्हा तिच्याबरोबर माझ्या पाठीचा पापुद्रा निघून त्याच्या हातात आला. त्याला सगळे कळले. त्याने माझ्या नटाला पाना लावला, नट हलेना. खिशातल्या कुपीतून घड्याळाच्या तेलाचे चार थेंब सोडले. हलेना. पुन्हा जोर लावला तसा पाना घसरला आणि नटाचे कोपरेच गेले. चाळीस मिनिटे उलटली होती.

"आता चला," बायको म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तिचं अंग गार पडतंय."

मला तसाच ठेवून गाडी निघाली. बारा किलोमीटर होते. नवा पट्टा तरणा होता, त्याने जास्तीचा भार घेतला, पण माझे टोक सुटले असते तर टाकी कलून रस्त्यावर घासली असती, आणि मग एक ठिणगी पुरे होती. मी देवाला म्हटले, तू सगळे धरून ठेवतोस असे ऐकून आहे. आज मला धर. मला वाचव असे म्हणत नाही. माझ्यावर तीन नव्हे, चार जीव आहेत. खड्डा आला, माझी एक कड फाटली. रेल्वेचे फाटक आले, दुसरी फाटली. मधले बोटभर पोलाद उरले. तेवढ्यावर आम्ही इस्पितळाच्या दारात पोचलो.

बाळ जन्मले तेव्हा रडले नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवले. अकरा दिवस कोणी काही सांगू शकले नाही. बाराव्या दिवशी ते आईच्या हाती आले, पण उजवा हात अजून नीट हलवत नाही. पुढे हलवील, नाहीही हलवणार, असे डॉक्टर म्हणतात. त्या चाळीस मिनिटांमुळे का, तेही ते सांगत नाहीत. घड्याळजीला वाटते, त्यामुळेच.

तेराव्या दिवशी ठोक्याने छिन्नीने मला कापून काढले. घड्याळजी शेजारी बसला होता. त्याने मला उचलले तसा मी वाळक्या पानासारखा त्याच्या हातात मोडलो. ठोक्या नेहमी टोमणे मारायचा, त्या दिवशी त्याने मारला नाही. घड्याळजीच बोलला.

"हा इतका कुजलेला होता आणि मी ठणठणीत म्हणालो. मला ऐकू येत नव्हतं असं नाही रे. मला हवं तेच मी ऐकलं."

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. तुमच्याही घरात कोणीतरी असे असेल, जो सगळ्यांना धरून असतो आणि कधीच तक्रार करत नाही. एखाद्या दिवशी त्याची कुरकुर बंद झाली, तर बरे झाले, सुटलो, असे म्हणू नका. जवळ जा, खाली वाका, कपडे मळले तर मळू द्या. आणि काय होतेय ते विचारा. तो काही नाही म्हणेल. तरी तिथून उठू नका.