टिकल्यांखालचे दिवे

शांतिनाथ मगदुमांच्या गाडीत, पुढच्या डाव्या सीटवर, त्यांची बायको हेमलता मांडीवर ओवाळणीचं ताट घेऊन बसली होती, आणि गाडी म्हणत होती की तिथं कुणी बसलेलं नाही. गाडीचं म्हणणं खोटं नव्हतं.

गाडी हे कसं म्हणायची, तर गप्प राहून. त्या सीटवर माणूस बसलं आणि त्यानं बेल्ट लावला नाही, की समोर लाल दिवा लागतो आणि पीक-पीक सुरू होते. हेमलताबाईंनी जन्मात कधी बेल्ट लावला नव्हता. साडी चुरगळते, म्हणायच्या. त्यामुळे गाडी आल्यापासून नवरा-बायकोचं सगळं बोलणं त्या पीक-पीकवरूनच व्हायचं. दिवाळीच्या आधी कधीतरी ती बंद पडली. शांतिनाथरावांना वाटलं, चला, पीडा गेली. का गेली, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. गेलेल्या पीडेची चौकशी कोण करतो?

बायका आंघोळीला जाताना कपाळाची टिकली काढून आरशावर चिकटवतात. हेमलताबाई ती डॅशबोर्डवर चिकटवायच्या. गाडी घेतली त्याच वर्षी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. शांतिनाथराव म्हणाले, "पिवळा आहे. पिवळा म्हणजे सवडीनं दाखवायचं. लाल म्हणजे जागच्या जागी थांबायचं."

"तुमची सवड होईपर्यंत माझ्या डोळ्यांत खुपतोय तो," असं म्हणून बाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर दाबून बसवली. दिवा विझला. नुसता झाकला गेला असं नाही, विझलाच. इंजिन सुतासारखं सरळ चालायला लागलं, आणि हेमलताबाईंना खोकला झाला.

पुढं तेलाचा दिवा लागला. त्यावर टिकली बसली आणि बाईंचे गुडघे करकरायला लागले. बॅटरीच्या दिव्यावर बसली, तर बाई दिवेलागणीलाच जेवणाच्या ताटावर पेंगू लागल्या. ब्रेकच्या दिव्यावर बसली त्या आठवड्यात उतारावरून देवळाकडं चालत जाताना त्यांना थांबताच येईना. विजेच्या खांबाला मिठी मारून उभ्या राहिल्या तेव्हा कुठं थांबल्या. खांबाला धरूनच त्यांनी देवाला नमस्कार केला आणि घरी येऊन ही हकीकत हसत हसत सांगितली. शांतिनाथरावही हसले. गाडी मात्र ठणठणीत होती. चारचौघांत ते मांडीवर थाप मारून सांगायचे, "सहा वर्षांत गॅरेजचं तोंड पाहिलं नाही. गाडी वापरायची अक्कल लागते."

भाऊबिजेला ते जयसिंगपूरहून आंबा गावाला निघाले होते. हेमलताबाईंचा धाकटा भाऊ बापू तिथं राहतो. ताईनं ओवाळल्याशिवाय तो पाण्याचा घोट घेत नाही, असा त्याचा नेम. निघताना इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. बाईंनी पर्स चाचपली. टिकल्यांचं पाकीट संपलं होतं. मग कपाळावरची शेवटची टिकली काढून त्यांनी तिथं लावली. दिवा विझला आणि बाईंचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला.

"सणाचं मोकळं कपाळ बरं दिसत नाही," शांतिनाथराव म्हणाले.

"कोल्हापुरात घेऊ," बाई म्हणाल्या.

पेट्रोल पंपावरची बाई म्हणाली, "झिरो बघा, काका." शांतिनाथरावांनी नेहमीसारखा डोळे ताणून झिरो बघितला. झिरो न बघता पेट्रोल घेणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. पैसे घेताना पंपावरच्या बाईनं गाडीत डोकावून पाहिलं. "सणाचं एकटंच निघालाय व्हय?" तिनं विचारलं. त्या वेळी हेमलताबाई तिला द्यायला पर्समध्ये सुटे शोधत होत्या.

आता मगदूम घाबरले. पण घाबरला तरी माणूस आपल्याच धंद्याच्या वाटेनं घाबरतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. उसाची बैलगाडी लांबून बघून ते तिचं वजन सांगत. त्यांनी गाडी सरळ कारखान्यात घातली आणि काट्यावर नेऊन उभी केली.

काट्याच्या खोलीत महादेव कांबळे होता. "मगदूमसाहेब, सुट्टीच्या दिवशी?"

"वजन घे," मगदूम म्हणाले. महादेवनं आकडा सांगितला. मग मगदूम बायकोला म्हणाले, "अगं, जरा उतर."

हेमलताबाई उतरल्या. उतरताना सीटच्या कव्हरचा आवाज झाला नाही. ते कव्हर प्लॅस्टिकचं होतं, गाडी घेतल्यापासून काढलं नव्हतं, आणि त्यावर नुसती पिशवी ठेवली तरी ते कुरकुरायचं. महादेवनं पुन्हा आकडा सांगितला. तोच होता.

"वहिनी, बऱ्या आहात ना?" महादेवनं विचारलं. बघत मात्र होता तो बाईंच्या मागच्या भिंतीकडं.

"काटा बिघडलाय," शांतिनाथराव म्हणाले. हे वाक्य आजवर शेतकरी त्यांना म्हणत आले होते, आणि ते प्रत्येकाच्या अंगावर धावून गेले होते. बाई पुन्हा सीटवर येऊन बसल्या.

टिकल्या न घेताच कोल्हापूर गेलं. मलकापूर मागं टाकल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. चावी फिरवून इंजिन बंद केलं, उतरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉनेट उघडलं. काय काय बघायचं ते त्यांना पाठ होतं. न करणाऱ्याला सगळंच पाठ असतं. तेलाची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून ओढायची. त्यांनी पट्टी ओढली.

"हळू ओढा," आतून हेमलताबाई म्हणाल्या.

पट्टी बाहेर आली. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं आणि मधासारखं स्वच्छ होतं. सहा वर्षांत ते बदललेलं नव्हतं. पाण्याची टाकी भरलेली होती, कुणी कधी न भरता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचते म्हणतात, तिथं कणसुद्धा नव्हता. टायरांची नक्षी कालच कोरल्यासारखी खोल होती. शांतिनाथराव गाडीभोवती फिरले, खाली वाकले, पुन्हा उठले. खोट काढायला जागाच नव्हती.

बॉनेट पाडून ते आत आले, तेव्हा डावी सीट रिकामी होती. ओवाळणीचं ताट हवेत, मांडीच्या उंचीवर होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, बापूसाठी घेतलेला सदरा, सगळं जिथल्या तिथं.

"कुठं आहेस?" त्यांनी विचारलं.

"इथंच की," बाई म्हणाल्या. "चला आता. बापू उपाशी असेल."

तेवढ्यात बापूचाच फोन आला. "दाजी, ताई कुठवर आली?"

"येतेय," शांतिनाथराव म्हणाले. त्यांना रडू फुटलं, आणि ते बापूला कळू नये म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी चावी फिरवली आणि इंजिन चालू असतानाच नखानं टिकल्या काढायला सुरुवात केली. पहिल्यांदा निघताना लावलेली काढली. खालचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर चढला.

"बरं वाटलं," सीटवरून आवाज आला. "डोकं निवलं."

ब्रेकवरची काढली. बॅटरीवरची काढली, तेलावरची काढली. एकेक दिवा लागत गेला. बॉनेटखाली काहीतरी खडखडलं, मग घासलं, आणि चटका बसल्याचा वास आला. सहा वर्षांची दुखणी त्या गाडीनं एका दमात अंगावर घेतली. "गुडघा मोकळा झाला," बाई म्हणाल्या. "अहो, पण गाडी मोडाल."

आता एकच टिकली उरली, सगळ्यात जुनी, इंजिनावरची. तिचा रंग उडाला होता.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या. "ती काढली तर गाडी जागची हलणार नाही. बापूनं सकाळपासून पाणी घेतलेलं नाही. खोकल्याचं मला काही नाही. सवय आहे."

"नाही हलली तर नाही," शांतिनाथराव म्हणाले. "पाणी मी पाजतो त्याला. पाया पडून पाजतो." आणि त्यांनी टिकली काढली. पिवळा दिवा लागला. इंजिन दोनदा आचके देऊन थांबलं. समोर सगळे दिवे लाल-पिवळे पेटलेले होते आणि रस्त्यावर गाडी नव्हती की माणूस नव्हतं.

सीट तशीच रिकामी होती. बाई आता बोलतही नव्हत्या. शांतिनाथरावांनी हाक मारली, दोनदा मारली. मग बोटाच्या टोकावरच्या टिकलीकडं बघितलं. तिला अजून थोडा डिंक होता. डाव्या सीटकडं वळून त्यांनी हात पुढं केला, ताटाच्या बराच वर, जिथं कपाळ असायला हवं तिथं नेला, आणि टिकली अंगठ्यानं दाबली.

त्यांनी हात काढून घेतला. टिकली तिथंच राहिली.

खाली प्लॅस्टिकचं कव्हर कुरकुरलं. समोर आणखी एक लाल दिवा लागला आणि पीक-पीक सुरू झाली.

शांतिनाथराव घाईनं वाकले, पलीकडचा बेल्ट धरला आणि टिकलीच्या खालून, ताटाच्या वरून अलीकडं ओढला. आणि मध्येच थांबले. बेल्ट हातात ताणून धरून ते नुसते बघत राहिले. हेमलताबाईंना तो किती ओढावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं.