तासाभराची सही

एकदा ठरवलं की आक्का कुणाच्या बापाचं ऐकत नसे. शिवणकाम करून तिनं दोन मुली मोठ्या केल्या, त्या अशाच जिद्दीवर. वस्तीचं स्वतःचं रेडिओ स्टेशनसुद्धा तसंच उभं राहिलं. लॉण्ड्रीवरच्या दोन खोल्या, भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम आणि खिडक्यांना आक्काच्या मशीनवर शिवलेले जाडजूड पडदे.

पण नऊ वर्षं तोच अध्यक्ष खुर्चीला चिकटून बसला होता. निवडणुकीचं नाव नाही. त्याच्या कंत्राटदार मित्राबद्दल कुणी माईकवर ब्र काढला की दुसऱ्या दिवशी त्याचा कार्यक्रम गायब. लोकांच्या रेडिओवर लोकांनाच बोलायची चोरी! शेवटी आक्कानं बहिष्कार पुकारला. निवडणूक घेईपर्यंत स्टेशनवर कुणी कामाला जायचं नाही, घरात रेडिओ लावायचा नाही. दारोदार फिरून तिनं तसं कबूल करून घेतलं. कुणाच्या स्वयंपाकघरात हळूच चालू असलेला दिसला, तर स्वतः जाऊन बंद करायची.

सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते तिच्या सख्ख्या धाकट्या भावानं. तो वायरमन. रोज सकाळी अर्धा तास पाण्याच्या वेळा, हरवलं-सापडलं, कुणाला रक्त हवंय ते सांगायचा. "पाणी कधी येणार ते तरी लोकांना कळू दे ना, आक्का," म्हणाला. चारचौघांत ती त्याला म्हणाली, "लाचार कुठला!" तेव्हापासून सात महिने बोलणं बंद. दोनदा तो दारात येऊन गेला. दोन्ही वेळा आक्कानं मशीनवरची मान वर केली नाही.

मग एक दिवस अध्यक्षानं निवडणूक जाहीर केली. इतक्या सहज कबूल झाला, तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण वस्तीत आनंदीआनंद. रविवारी सकाळी बेचाळीस सभासद नवे कपडे घालून स्टेशनचा जिना चढले.

दारात चिटणीसबाई हजेरीचं रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. पहिलं नाव बघितलं, पान उलटलं, मान हलवली. दुसरं नाव, तेच. "सहा महिन्यांत एक तास तरी काम करून सही केलेली नसेल, तर मत नाही. नियमच आहे."

"कुणी केला हा नियम?" प्लंबर भडकला.

चिटणीसबाईंनी फाईलमधला पिवळा पडलेला कागद काढून समोर धरला. अक्षर आक्काचं. नुसते नावापुरते सभासद झालेल्या बड्या लोकांनी रेडिओ गिळू नये, म्हणून पहिल्याच वर्षी तिनं भांडून हा नियम करून घेतला होता. आणि स्वतःच विसरली होती.

मत होतं ते अध्यक्षाच्या अकरा माणसांना आणि धाकट्याला.

तिनं त्याला हाताला धरून पॅसेजमध्ये ओढलं. सात महिन्यांनंतरचं पहिलं बोलणं. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

धाकटा हळू आवाजात म्हणाला, "रोज सकाळी पाण्याच्या वेळा झाल्या की सांगत होतो, आक्का. सभासदांनो, एक तास येऊन सही करून जा, नाहीतर मत जाईल. अध्यक्ष ओरडला, तरी सांगत होतो. शेवटच्या आठवड्यात तर तुझं नाव घेऊन सांगितलं."

आतून हाक आली, तसा तो गेला. अर्ध्या उघड्या दारातून आक्काला दिसलं. तिनं दिलेल्या उमेदवारांच्या यादीच्या बाजूनं कोण, असं विचारल्यावर एकट्या धाकट्यानं हात वर केला. पलीकडे अकरा हात. पुढची पाच वर्षं अध्यक्ष तोच.

जिन्यावर बेचाळीस माणसं ताटकळत उभी होती. "काय झालं, आक्का?" प्लंबरनं विचारलं. "वायरमननं दगा दिला ना आपल्याला? मला वाटलंच होतं."

हो म्हणणं किती सोपं होतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. आक्कानं कठडा घट्ट धरला.

"नाही रे," ती म्हणाली. "तो रोज सांगत होता. मीच तुम्हाला ऐकू दिलं नाही."