माझ्याभोवती बसून लिहिलेलं पत्र

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण मला आता कुणी उघडत नाही आणि लावतही नाही. दिवा गावातल्या एका लहान शाळेत, पाचवीच्या वर्गात, मी विटांवर आडवा असतो आणि मुलं माझ्याभोवती मांडी घालून बसतात.

चाळीस वर्षं मी धाकूबाबांच्या मिठागरावरच्या कोठीला होतो. मिठाने माझे खिळे खाल्ले, पण सागाच्या फळ्या टणक राहिल्या, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो. मिठागर बंद झालं आणि मी अंगणात पडलो. कोंबड्या माझ्यावर बसत. फार वाईट वाटायचं. मग धाकूबाबांच्या नातीच्या, कल्पिताच्या वर्गाला टेबल हवं होतं आणि चौघांनी मला उचलून शाळेत आणलं.

तिथल्या विनिताबाईंची पद्धत मला सुरुवातीला मुळीच पटली नाही. मराठीचा तास आणि बाईच गप्प! मुलं आपापसात बोलायची, भांडायची, माझ्यावर खडूने शब्द लिहायची, पुसायची. एकाला अडलं की दुसऱ्याने सांगायचं. अगदीच घोडं अडलं, तर बाई एखादा शब्द सुचवत. हा काय बाजार मांडलाय, असं मला वाटे. माझं कुठे चुकलं ते ऐका.

त्या वर्गात प्रीती होती. घरी हिंदी, मराठी तोडकीमोडकी, म्हणून ती माझ्या कोपऱ्याशी बसून नुसती ऐकायची. आठवड्यातून तीन दिवस तर गैरहजरच. त्या दिवशी तिच्या चाळीत पाण्याचा टँकर सकाळी अकराला यायचा. आईवडील कामावर, पाणी भरायला घरी तीच. शेवटी तिच्या आईने बाईंना सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून तिला शाळेतून काढते.

बाईंनी ही अडचण वर्गासमोर ठेवली. टँकर मागवणारे चाळ समितीचे राकेशकाका, त्यांना पत्र लिहायचं ठरलं. वर्गातल्या धनेशने माझ्यावर झोकात लिहिलं, 'आमच्या चाळीला जास्त पाणी द्या.' सगळ्यांनी माना डोलावल्या. दिव्यात पाण्याची तक्रार म्हटली की हेच वाक्य प्रत्येकाच्या हाताशी असतं. तेवढ्यात प्रीतीने ते तळहाताने पुसून टाकलं.

"पानी कम नहीं है," ती म्हणाली. "टाइम गलत है."

खरी गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. मग ती सांगू लागली आणि बाकीचे तिला मराठी शब्द देऊ लागले. पाणी पुरतं, वेळ चुकते. हे वाक्य तिने स्वतः माझ्यावर लिहिलं. चार दिवस खाडाखोड चालली तेव्हा कुठे पत्र कागदावर उतरलं.

शनिवारी राकेशकाका आले आणि माझ्यासमोर बसले. पत्र प्रीतीने वाचायचं होतं. तिने कागद उघडला आणि पुन्हा मिटून माझ्या कडेवर ठेवला.

"बोल गो, आमी हाव ना," कल्पिता हळूच म्हणाली.

प्रीतीने पत्र वाचलं. टँकर सकाळऐवजी संध्याकाळी आणा, असं त्यात होतं. काकांनी मात्र पत्रात नसलेलंच विचारलं. संध्याकाळी टँकर आणला, तर कामावरून उशिरा येणाऱ्यांचं काय? बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण त्या थांबल्या.

"साडेपाचला आणा, काका," प्रीती म्हणाली. "शाळा सुटलेली असते. ज्यांच्या घरी कुणी नसतं, त्यांचे हंडे आम्ही मुलं भरून ठेवू."

एवढी मराठी कुणी शिकवली, असं काकांनी विचारलं. तिने सगळ्यांकडे बोट फिरवलं.

"ह्यांनी. आणि टँकरचं मी ह्यांना शिकवलं."

सोमवारपासून टँकर साडेपाचला येऊ लागला. मित्रांनो, चाळीस वर्षं मी मीठ राखलं, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता! बाजार म्हणून ज्याला नाक मुरडलं, त्यानेच एक मुलगी शाळेत राखली.

मला पॉलिश नको, ओल्या फडक्याने पुसलंत तरी पुरे. पण तुमच्या वर्गात कुणी गप्प बसत असेल, तर तिला काही येत नाही असं ठरवून मोकळे होऊ नका. तिला काय ठाऊक आहे ते विचारा, आणि जरा सरकून जागा द्या.

आज वर्गात एक नवी मुलगी आली. ओडिशाहून आलेली, एक शब्द बोलली नाही. प्रीतीने हजेरी दिली, सरकून तिला शेजारी बसवलं आणि आपला खडू तिच्या हातात दिला.